तरुण संघाचं इन्स्टाग्राम: पोस्टच्या आधी उत्तर देणारी माणसं ठरवा

सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीची मराठी ख्रिस्ती मंडळी (चर्च), तरुण संघात पंचवीसेक जण. इन्स्टाग्रामवर रोज सकाळी बायबलच्या वचनाचं चित्र आणि रविवारी संदेशाची (प्रवचनाची) क्लिप जाते. लाइक्स मंडळीतल्याच काका-मावश्यांचे येतात आणि ठाणे-वाशी पट्ट्यातली कॉलेजची मुलं काही जवळ येत नाहीत. काय बदलावं?

चित्राचा रंग किंवा पोस्टची वेळ बदलून फारसं काही होणार नाही. आधी हे ठरवा: रात्री साडेदहाला एखाद्या मुलीनं 'माझ्यासाठी प्रार्थना कराल का?' असं लिहिलं, तर ते कोण वाचणार आणि तिला उत्तर कोण देणार? बहुतेक मंडळ्यांच्या पानांवर असे मेसेज चार-चार दिवस पडून राहतात, कारण पोस्ट टाकणारा मुलगा ठरलेला असतो पण उत्तर देणारं कोणीच नसतं. धीर करून लिहिलेल्या माणसाला उत्तर आलं नाही, तर तो पुन्हा लिहीत नाही.

म्हणून चार जण नेमा. पोस्ट बनवायला एक. उत्तरं द्यायला एकवीस वर्षांवरचे दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी. चौथी व्यक्ती वयानं मोठी, पाळकसाहेबांनी नेमलेली, जिला इनबॉक्स कधीही उघडून पाहता येईल. इन्स्टाग्रामचं खातं फेसबुक पेजला जोडलंत तर मेटा बिझनेस सूटमध्ये सगळ्यांना एकच इनबॉक्स दिसतो, पासवर्ड वाटत बसावं लागत नाही. खात्याला मंडळीचा मोबाइल नंबर आणि मंडळीचाच ईमेल द्या. टू-फॅक्टर (पासवर्डखेरीज दुसरा कोड) चालू करा आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर उतरवून पंचकमिटीच्या फाइलीत ठेवा. खातं एका मुलाच्या नंबरवर असलं आणि त्याला पुण्यात नोकरी लागली, की पान तिथंच थांबतं.

उत्तराचे नियम लिहूनच काढा. मुलींशी मुलगी बोलेल, मुलांशी मुलगा. चोवीस तासांच्या आत उत्तर. रात्री दहानंतर गप्पा नाहीत. गायब होणारे मेसेज बंद. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन कधीही द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं, तर पॉक्सो कायद्यानं (२०१२) पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळीत मिटवायची ही गोष्ट नव्हे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

जीव देण्याबद्दल कोणी लिहिलं, तर दहानंतरचा नियम लागू नाही. वचनाचं चित्र पाठवून थांबू नका. 'जीव द्यायचा विचार येतोय का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. कुठे आहे, सोबत कोण आहे हे विचारा, फोनवर राहा आणि घरातल्या मोठ्या माणसाला जोडा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२. प्रार्थना अवश्य करा, पण हे सगळं करत करत.

आता पोस्ट. रोजचं वचनचित्र बंद करायला हरकत नाही. आठवड्याला तीन गोष्टी पुरतात: एक रील, तरुण संघातलं काहीतरी खरंखुरं आणि एक आमंत्रण. संदेशाची क्लिप चालत नाही, कारण तो संदेश आधीपासून विश्वासात असलेल्यांसाठी, चाळीस मिनिटांच्या ओघात दिलेला असतो. मधलीच पन्नास सेकंदं कापली तर बाहेरच्याला त्याचा आगापिछा लागत नाही. त्यापेक्षा मुलांच्या मनातला एकच प्रश्न घ्या: नापास झालो तर देवाच्या नजरेत माझी किंमत कमी होते का? क्षमा केली तरी राग का जात नाही? उत्तर ३० ते ४५ सेकंदांत, रोजच्या भाषेत. 'तारण', 'नीतिमान' हे शब्द आपल्या कानांना सवयीचे आहेत, कोपरखैरण्याच्या मुलाला नाहीत. प्रश्न पहिल्या तीन सेकंदांत आला पाहिजे. 'प्रभूच्या नावात सर्वांना सलाम' इथून सुरुवात केलीत तर तो तेवढ्यात पुढे सरकलेला असतो.

मोबाइल उभा धरा, १०८० बाय १९२०. दीड-दोन हजारांत मिळणारा कॉलर माइक घ्या. उपासनागृहातला पंखा आणि घुमणारा आवाज हीच बहुतेक व्हिडिओंची खरी अडचण असते, कॅमेरा नव्हे. लोकलमध्ये बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून खाली मजकूर हवाच: एका वेळी दोन ओळी, ओळीत चार-पाच शब्द. पडद्याचा खालचा पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे इन्स्टाग्रामची बटणं येतात. काही ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात. मुक्ता किंवा बालू हे मोफत फाँट वापरून आधी एक चाचणी करा. आपोआप येणारा मजकूर हबक्कूक, थेस्सलनीकाकर अशा बायबलमधल्या नावांचं काय करेल सांगता येत नाही, प्रत्येक ओळ वाचूनच टाका.

गाण्यांबद्दल. बिझनेस खात्याला संगीताची मर्यादित यादीच मिळते आणि दुसऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं तर आवाज काढला जाऊ शकतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांच्या भजनांचे शब्द आता कॉपीराइटमुक्त आहेत. मात्र कोणी अलीकडे गाऊन ठेवलेलं रेकॉर्डिंग मुक्त नाही. तुमच्याच मुलांनी पेटी-तबल्यावर एक कडवं गाऊन टाकावं. मला हे कुठल्याही पोस्टरपेक्षा मोलाचं वाटतं.

काय टाकायचं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे ठरवा. आजार बरा झाल्याच्या साक्षी नकोत. चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे, महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, आणि त्याहून मोठी भीती ही, की एखादा ऐकून औषध बंद करेल. इतर धर्मांशी तुलना नको, देवदेवतांचा उल्लेखही नको. नोकरी, क्लास किंवा मदतीचं आमिष तर मुळीच नको. संविधानाच्या कलम २५ नुसार आपला विश्वास सांगता येतो, पण १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. कोणी कमेंटमध्ये चिडून लिहिलं तर वाद घालू नका. एकदा नम्रपणे उत्तर द्या, शिवीगाळ असेल तर कमेंट लपवा.

अठरा वर्षांखालच्यांना तुम्ही आपणहून मेसेज करू नये. इन्स्टाग्रामवर त्यांची खाती आता खासगी असतात आणि अनोळखी माणसाचे मेसेज अडवले जातात. ती सोय त्यांच्या भल्याची आहे. त्यांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका. वेगळ्या धर्माच्या घरातलं मूल असेल, तर आई-वडिलांना माहीत असल्याशिवाय सभेलाही बोलावू नका. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, मुलींना याचा त्रास होतो. सूचनांसाठी चॅनेल ठेवा, तिथे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. स्टोरीतल्या प्रश्नपेटीत आलेल्या प्रार्थनाविनंत्या पुन्हा शेअर करू नका. नाव झाकलं तरी छोट्या मंडळीत माणूस ओळखू येतो.

आमंत्रण थेट रविवारच्या दोन तासांच्या उपासनेचं नको. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, सव्वा तासाची बैठक ठेवा, म्हणजे ठाण्याला किंवा नेरुळला राहणारी मुलगी वेळेत घरी पोहोचते. पोस्टमध्ये फाटकाचा फोटो, मॅपची पिन, किती वेळ लागेल, काय होईल आणि 'नवीन माणसाला उभं करून ओळख विचारणार नाही' हे स्पष्ट लिहा. स्टेशनवर न्यायला कोण येणार तेही. 'ठाणे स्टेशनला भेटू' एवढं पुरत नाही. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर की खाली, ते सांगा. पैसे खर्च करून बूस्ट करायचं तर फक्त नाताळच्या कॅरोल कार्यक्रमासाठी, दिवसाला दोन-तीनशे रुपये, चार-पाच दिवस, जागेभोवतीच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये, वय १८ ते २५. धर्मावरून लोक निवडण्याची सोय मेटानं २०२२ मध्येच काढली आहे, त्यामुळे जाहिरात सगळ्यांनाच दिसेल हे धरून शब्द निवडा.

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) नेमका दहावी-बारावीच्या परीक्षांवर येतो. तेव्हा नवीन उपक्रम नको, इनबॉक्स मात्र जागा ठेवा, कारण त्याच आठवड्यांत सर्वांत जास्त मुलं अस्वस्थ असतात.

हिशेब वहीत ठेवा: किती जणांनी लिहिलं, किती जणांना वेळेत उत्तर गेलं, शनिवारी नवीन कोण आलं आणि दुसऱ्यांदा कोण आलं. तुमच्या पंचवीसांत अठरा वर्षांखालचे किती आहेत, हे कळवलंत तर परवानगीच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं ते सविस्तर सांगता येईल.