आधी विचारणं, मग सही

बाळा, सप्रेम सलाम. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, कमिटीवर तुझी निवड झाली, फार बरं वाटलं. पहिल्या बैठकीआधी बायबलमधला यहोशवाचा ९ वा अध्याय वाच. गिबोनच्या लोकांनी बुरशी आलेल्या भाकरी, फाटके बुधले, झिजलेले जोडे दाखवून दूरदेशाहून आल्याची बतावणी केली. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली, पण परमेश्वराला विचारलं नाही. तीन दिवसांनी कळलं, हे शेजारचेच! तहाची शपथ मात्र दिलेली, मोडता येईना.

आमचंही तसंच झालं. छताच्या कामाला ठेकेदार आला. दर कमी, बोलणं गोड. मी घाईत दोन ओळींची प्रार्थना केली आणि सही ठोकली. प्रार्थना झाली होती, विचारणं राहून गेलं होतं. पहिल्याच पावसात वेदीवर पाणी ठिबकलं.

तेव्हापासून मोठा निर्णय असला की पहाटे गोदाकाठी चालायला जातो. माझा कल कुठे आहे ते देवाला खरं खरं सांगतो, मग गप्प राहतो. उत्तर कानात ऐकू येत नाही रे. वचन वाचताना, कधी पाळकसाहेबांच्या एखाद्या शब्दाने मन स्थिरावतं. स्थिरावलं नाही, तर निर्णय पुढच्या बैठकीवर ढकल.

आणि तीन कोटेशनं मागवच. बायबलमधल्या नहेम्याला यरुशलेमचा कोट पुन्हा बांधायचा होता; त्याने सुमारे चार महिने प्रार्थना केली, पण राजापुढे उभा राहिला तेव्हा कुठली पत्रं आणि किती कामांना लाकूड लागेल, हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी उपासनेनंतर थांब, पार्किंगच्या प्रश्नासाठी दोघं मिळून प्रार्थना करू.