वाचकांचे प्रश्न : जुना ‘सायक्लोन’ पुन्हा उभारायचा तर

प्रश्न : कॅनडातल्या क्रिस्टल बीचच्या ‘सायक्लोन’बद्दल खूप वाचले आहे. जुने आराखडे आणि छायाचित्रे मिळाली, तर सुरक्षेचे आजचे नियम पाळून तो रोलर कोस्टर हुबेहूब उभारता येईल का?

उत्तर : हुबेहूब नाही, पण बसणाऱ्याला जवळजवळ तसाच वाटेल असा नक्की येईल. कोस्टरांचा अमेरिकी रचनाकार हॅरी ट्रेव्हर याने एरी सरोवराकाठी १९२७ साली उभारलेला हा ९६ फुटी (सुमारे २९ मीटर) कोस्टर १९४६ चा हंगाम संपल्यावर बंद झाला. पहिला उतारच वळत खाली येणारा, पुढे सरळ रूळ जवळजवळ नाहीच आणि शेवटी डावीउजवीकडे झपाट्याने कलणारा पट्टा. या सगळ्याची नक्कल करताना आराखडा गिरवू नका. दर क्षणाला प्रवाशाच्या अंगावर किती जोर येतो त्याचा आलेख आधी काढा आणि तो जपा. मूळ आराखड्यात लाकूड-लोखंड कुठे बसवायचे ते असते, शरीराला काय होते ते नसते.

कामाचा क्रम असा. हवाई छायाचित्रांवरून रुळाच्या मध्यरेषेची आखणी घ्यावी, प्रत्येक आधारखांबापाशी रुळाची उंची आणि रूळ किती कलला आहे ते नोंदवावे. छायाचित्राची मोजपट्टी म्हणून रुळांमधले अंतर किंवा डब्याची लांबी धरावी. कुठे काटेकोर राहायचे हे मात्र ओळखायला हवे. एकूण उंचीत अर्धा मीटर चूक झाली, तरी सेकंदाला २० मीटर वेग असताना फरक जेमतेम पाव मीटरचा पडतो. खोलगट भागाच्या बाकाचे (वक्रतेचे) तसे नाही. १० मीटरच्या टप्प्यात १५ मीटर त्रिज्येचा बाक असेल, तर मधली खोली सुमारे ८३ सेंटिमीटर येते. ती मोजताना १० सेंटिमीटर चुकले की त्रिज्या १२ टक्के चुकली. २२ मीटर वेगाला तिथे प्रवाशाला सव्वाचार जीच्या (एक जी म्हणजे स्वतःच्या वजनाएवढा जोर) आसपास जोर बसतो. त्यात या चुकीने ०.४ जीची भर किंवा घट होते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे छायाचित्रातून काढलेले सगळे बिंदू जसेच्या तसे जोडणे. मोजणीतली थरथर रेषेत उतरते आणि आलेखात खोटे धक्के दिसू लागतात. रेषा इतकी गुळगुळीत हवी की बाक कुठेही उडी न मारता बदलेल.

मग हा आलेख नियमांशी ताडून पाहायचा. अमेरिकेत एएसटीएम एफ२२९१, युरोपात ईएन १३८१४, कॅनडात सीएसए झेड२६७. जोर किती, एवढ्यावर मर्यादा ठरत नाही. तो किती वेळ टिकतो तेही पाहतात. खाली दाबणारा मोठा जोर क्षणभर चालतो, तोच काही सेकंद टिकला तर चालत नाही. बाजूने ढकलणाऱ्या जोराला सूट त्याहून बरीच कमी. जुन्या यंत्रांचे घोडे बहुधा इथेच अडते.

प्रश्न : जुन्या कोस्टरच्या वळणांवर माणूस बाजूला आपटतो. रूळ जास्त कलता केला की हे थांबेल ना?

उत्तर : अर्धेच थांबेल. वेग सेकंदाला १५ मीटर आणि वळणाची त्रिज्या १२ मीटर धरा. बाहेर फेकणारा जोर १.९ जी येतो. रूळ ४५ अंश कललेला असेल, तर त्यातला ०.६४ जी बाजूने लागतो; ६२ अंश कलवला की बाजूचा जोर जवळजवळ शून्य होतो आणि सगळे वजन, सुमारे २.२ जी, बैठकीवर येते. ४५ अंशांच्या आसपास कल मोजताना ५ अंश चुकलात, तर बाजूच्या जोरात ०.१८ जीचा फरक पडतो. म्हणून छायाचित्रांतून सर्वांत जपून मोजायचा तो कल.

खरी मारझोड वळणात होत नाही, दोन वळणांच्या मधल्या सांध्यात होते. रूळ एका बाजूला ६० अंश कललेला आहे आणि १० मीटरच्या आत दुसऱ्या बाजूला ६० अंश कलायचा आहे. १५ मीटर वेगाला त्यासाठी मिळतात ०.६७ सेकंद. जुन्या पद्धतीत रूळ स्वतःच्या मध्याभोवती पिळला जाई. डोके रुळापासून सव्वा मीटरभर वर असते, म्हणजे ते तेवढ्यात दोन मीटरहून जास्त आडवे सरकणार. हे झटके जवळजवळ २ जीचे पडतात आणि मानेवर येतात. पट्टा आवळल्याने त्यात काही फरक पडत नाही.

उपाय असा की पिळायचे ते छातीच्या उंचीवरच्या काल्पनिक रेषेभोवती. रूळ बाजूला झुलू द्यावा, माणूस जागेवर राहील. सांधा १० ऐवजी १६-१८ मीटरचा केला की वेळही वाढतो. लांबी वाढली म्हणून जुन्या जागेत वळण बसत नाही आणि आखणी थोडी फुगते. ती फुगू द्यावी. जमिनीवरच्या आकृतीचे सोवळे पाळण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : मूळ सायक्लोनचे काही शिल्लक आहे का?

उत्तर : आहे. त्याचे बरेचसे पोलाद १९४८ साली त्याच बागेत उभारलेल्या ‘कॉमेट’मध्ये वापरले गेले. ती बाग १९८९ मध्ये बंद झाल्यावर कॉमेट न्यूयॉर्क राज्यातल्या ‘ग्रेट एस्केप’मध्ये नेला आणि १९९४ पासून तो तिथे चालतो. पण आकार सायक्लोनचा नाही, त्यामुळे त्यात बसून सायक्लोनची कल्पना येणार नाही. पुनर्निर्मितीच पाहायची असेल, तर मेम्फिसच्या ‘झिपिन पिपिन’ या जुन्या लाकडी कोस्टरची पाहा, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे इथे २०११ साली तो नव्याने बांधला गेला.

प्रश्न : रूळ लाकडी ठेवावेत की पोलादी?

उत्तर : सायक्लोनचा सांगाडा पोलादी आणि रूळ लाकडी होते. लाकडी सांगाडा धक्क्याबरोबर थोडा झुलतो. पोलादी सांगाडा ताठ राहतो, त्यामुळे सगळा मार रुळाला आणि चाकांना सोसावा लागतो. ट्रेव्हरच्या अशा पोलादी सांगाड्याच्या कोस्टरांची देखभाल इतकी जड का जाई, याचे एक कारण यातच आहे.

लाकडी रूळ म्हणजे एकावर एक बसवून बोल्टने आवळलेल्या फळ्या, साधारण सात-आठ थर. वरचे थर रुंद असतात, त्यांच्या बाहेर आलेल्या कडेखाली चाके पकड घेतात, आणि चाक जिथे घासते तिथे पोलादी पट्टी असते. बिघडते ते असे : लाकूड सुकले की बोल्ट सैल पडतात, आणि लागोपाठच्या थरांतले जोड एकाच जागी आले तर तिथे खळगा होतो. खळग्यात चाक आपटते, खळगा वाढतो, पुढच्या बोल्टवर भार येतो. म्हणून शेजारच्या थरांतले जोड नेहमी दूर दूर ठेवावेत आणि रुळांमधले अंतर वळणांवर वारंवार मोजावे.

माझे मत विचाराल, तर उंचवटे आणि सरळ पट्टे लाकडाचेच राहू द्यावेत, कारण तो खडखडाट हाही अनुभवाचा भाग आहे. तीव्र वळणे आणि ते शेवटचे कलणे मात्र पोलादी रुळाचे करावे. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कंपनीने २०११ मध्ये ‘न्यू टेक्सस जायंट’ या कोस्टरमध्ये जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ बसवून हा मार्ग दाखवला. हे लाकडी कोस्टर नव्हेच, असे शुद्धतावादी म्हणतील. म्हणोत.

गाडीही निवडून घ्यावी. दोन मीटर अंतरावर दोन ताठ आस असलेला डबा १२ मीटर त्रिज्येच्या वळणात शिरला, की चाके रुळाशी जवळजवळ ५ अंश तिरपी राहतात आणि रूळ अक्षरशः किसतात. आसांमधले अंतर निम्मे केले की हा कोनही निम्मा होतो. आसनांची एकच रांग असलेले छोटे डबे आणि वळणाबरोबर वळणारी चाके, हाच यावर खरा इलाज.

प्रश्न : सायक्लोनच्या फलाटावर परिचारिका ठेवलेली असे म्हणतात. आज ती लागेल का?

उत्तर : प्रथमोपचाराची सोय हवीच, पण ती जाहिरातीसाठी नव्हे. १९३८ मध्ये तिथे एक प्रवासी गाडीबाहेर फेकला जाऊन मेला. तिथे परिचारिका काय करणार होती? कोस्टर रचनाकार जॉन मिलरने १९१९ साली पेटंट घेतलेली खालची चाके गाडीला रुळावर धरून ठेवतात, माणसाला नाही. उंचवट्यावर वेग १२ मीटर आणि त्रिज्या ८ मीटर असेल, तर ७० किलोच्या माणसाला सुमारे ५९ किलोचा जोर वर उचलतो. प्रवाशांना धरून ठेवायला दोघांत मिळून मांडीवर येणारा एकच दांडा असेल, तर तो जाड माणसाच्या पोटावर थांबतो आणि बारीक माणसाच्या मांडीवर पोकळी राहते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र दांडा हवा आणि त्याला एकमेकांवर अवलंबून नसलेली दोन कुलपे हवीत. सगळे दांडे बंद असल्याची खूण मिळाल्याखेरीज गाडी सुटताच कामा नये.

प्रश्न : दोन गाड्या चालवाव्यात की तीन? आणि चाचणी कशी घ्यावी?

उत्तर : दोन. मार्गाचे जेवढे टप्पे करता येतात त्याहून गाड्या एकने कमी असाव्यात, म्हणजे पुढचा टप्पा रिकामा असल्याखेरीज मागची गाडी त्यात शिरत नाही. चढण, शेवटचे ब्रेक आणि फलाट एवढ्या तीन टप्प्यांत दोन गाड्या बसतात. तिसरीसाठी अध्येमध्ये ब्रेक घालावे लागतील आणि सायक्लोनची लय तिथेच मोडेल. पूर्वी ब्रेक माणूस लिव्हर ओढून लावी. आता हवेचा दाब गेला की स्प्रिंगने आपोआप बंद होणारे घ्यावेत. चुंबकीय ब्रेकना वीज लागत नाही, पण वेग कमी झाला की त्यांचा जोरही घटतो. गाडी पूर्ण थांबवून धरायला घर्षणाचे ब्रेक लागतातच. गाडी ओळखायला प्रत्येक ठिकाणी दोन सेन्सर असावेत आणि त्यांचे एकमत झाले नाही तर सगळे थांबावे.

चाचणीत आधी रिकामी गाडी, मग पाण्याच्या पिंपांनी किंवा वाळूच्या पोत्यांनी भरलेली. थंड सकाळी, वंगण घट्ट असताना, समोरून वारा असताना रिकामी गाडी सर्वांत हळू चालते. ती एखाद्या उंचवट्यावर अडकून खोलगटात मागेपुढे झुलत बसते का ते पाहायचे. उलट उन्हात, चाके तापलेली असताना भरलेली गाडी सर्वांत जोरात धावते, आणि जोराची मर्यादा तिच्यावर तपासायची. दोन्ही टोके आराखड्याच्या वेळीच गणितात धरली नसतील, तर नंतर वेग कमी करायला ब्रेक बसवावे लागतात. मग पहिला उतार सायक्लोनचा राहतो आणि पुढचा मार्ग भलत्याच कोस्टरचा होतो. गाडीत मोजणीयंत्र बसवून मिळालेला आलेख ५ हर्ट्झच्या गाळणीतून (म्हणजे सेकंदाला पाचहून जास्त वेळा होणारी थरथर वगळून) काढून गणिताच्या आलेखावर ठेवावा. दोन्ही जिथे जुळत नाहीत, तिथे आधी रूळ मोजावा, गणिताला नंतर दोष द्यावा.