शेतकरी माणसाने खासदारकीचा विचार करावा का?

पाठीशी साखर कारखाना किंवा राजकीय घराणे नसताना शेतकऱ्याला राष्ट्रीय राजकारणात कारकीर्द करता येईल का, असे आपण विचारले आहे. येते. आमच्या शिरोळ तालुक्यातील (जि. कोल्हापूर) राजू शेट्टी हे ऊसदरासाठी आंदोलने करणारे शेतकरी नेते; ते आधी जिल्हा परिषदेत गेले, २००४ मध्ये आमदार झाले आणि २००९ व २०१४ मध्ये हातकणंगल्यातून लोकसभेवर निवडून आले.

२००९ मध्ये ‘एक मत, एक नोट’ या त्यांच्या हाकेला प्रतिसाद देऊन माझ्या वडिलांनी पैशांची मदत दिली, तेव्हा साखर कारखान्यात नोकरीस असलेले माझे थोरले चुलतभाऊ चारचौघांत म्हणाले, "काका, ऊसवाल्याने ऊस लावावा, दिल्ली आपले काम नव्हे." वडील एवढेच म्हणाले की, दर दिल्लीत ठरतो, तर आपला माणूसही तिथेच हवा. हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही आणि माझ्या मते वडिलांचेच बरोबर होते. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार जाहीर करते, साखरेची निर्यात आणि इथेनॉलचे धोरण तेच ठरवते, आणि ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, हे बंधन १९६६ च्या केंद्रीय ऊस नियंत्रण आदेशातील आहे. ज्या वर्षी आमची पहिली उचल (ऊसबिलाचा पहिला हप्ता) रखडली, त्या वर्षी याच कलमाचा आधार घेऊन गावातील माणसे कारखान्याच्या कार्यालयात उभी राहिली होती. भाऊ त्या वेळी टेबलाच्या पलीकडे होते.

शेट्टी यांनी २०१८ मध्ये कर्जमुक्ती व हमीभावाची खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली विधेयके) लोकसभेत मांडली. ती मंजूर कुठे झाली, असे भाऊ विचारतात; परंतु १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले नाही, हे ते विचारात घेत नाहीत. शेतकऱ्याचे कर्ज आणि हमीभाव हा प्रश्न विधेयकाच्या रूपाने संसदेच्या कामकाजात नोंदला गेला, हे मला मोलाचे वाटते.

अर्थात २०१९ आणि २०२४ मध्ये त्यांचा पराभव झाला, हेही लक्षात घ्यावे. आंदोलनाला येणारी गर्दी मतपेटीपर्यंत येतेच असे नाही. घरी शेत सांभाळणारे कोणी नसेल तर या वाटेला जाऊ नये. सुरुवात जिल्हा परिषदेच्या गटापासून करावी, थकीत ऊसबिलांच्या तक्रारी साखर आयुक्तांपर्यंत नेऊन त्यांचा पाठपुरावा करावा. आणि घरातील कोणी दिल्ली आपले काम नव्हे असे म्हणू लागले, तर त्याच्या ऊसबिलावरील दर कोणत्या सरकारने ठरवला, हे त्यालाच वाचून दाखवायला सांगावे.