चौघींच्या रूमवर थीसिस लिहिताना

प्रिय,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. रूमवर चौघीजणी, टेबल एकच, सबमिशनला सहा महिने, आणि तुला वाटतंय की वेगळी रूम घेतली तरच थीसिस होईल. नको घेऊस. डिपॉझिटचं म्हणत नाहीये, ते आहेच, पण शेवटच्या सहा महिन्यांत एकटं राहणं त्याहून महाग पडतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही सदाशिव पेठेत चौघी होतो, कॉट बेसिसवर. मी इतिहासवाली, दिवसभर पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकालीन कागदांच्या संग्रहात, रुमालांची (कापडात बांधलेल्या कागदांची) गाठोडी सोडून मोडी कागद वाचायचे आणि रात्री रूमवर येऊन लिहायचे, एक केमिस्ट्रीची जी लॅबमधून दहाच्या आत कधी आली नाही, एक स्टॅटिस्टिक्सची, आणि चौथी एमपीएससीवाली, ती पहाटे चारला उठून मोठ्याने पाठ करायची. पहिले दोन महिने सगळ्या एकमेकींना नुसतं गप्प करत होतो. मग एका रविवारी मेसचा डबा खाता खाता ठरवलं की शांतता मागायची नाही, टेबल वाटून घ्यायचं. पहाट एमपीएससीची, रात्री नऊ ते बारा माझं, आणि जिची वेळ तिला कोणी हाक मारायची नाही, तिच्या आईचा फोन आला तरी दुसरीने उचलून "ती लिहितेय, बारानंतर करेल" एवढं सांगायचं. बाकीच्या वेळेत मिक्सर लावा, गाणी लावा, काही म्हणणं नाही. तीन तास पक्के मिळाले ना की उरलेल्या गोंगाटाचा राग येत नाही, हे मी तेव्हा पाहिलंय.

पण खरी गोष्ट टेबलाची नाहीच. माझा मराठ्यांच्या महसुलावरचा चॅप्टर होता, चौथाईत, म्हणजे परमुलखाच्या महसुलातून मराठे घ्यायचे त्या चौथ्या हिश्श्यात, कोणाचा किती वाटा: राजाची राजबाबती 25 टक्के, साहोत्रा 6, नाडगौडा 3, राहिलेला सरदारांचा मोकासा, असं सगळं मी भराभर लिहून टाकलेलं. एक दिवस लाइट गेली म्हणून टॉर्च लावून तो वाचून दाखवला, तर स्टॅटिस्टिक्सवाली तिसऱ्याच ओळीला म्हणाली, 6 टक्के कशाचे? अख्ख्या चौथाईचे की राजबाबती काढून जे उरतं त्याचे? मी गप्पच झाले. अख्ख्या चौथाईचे, मला माहीत होतं, गाइडना माहीत होतं, म्हणून आम्हा दोघांनाही ते लिहिलेलं नाहीये हे दिसलंच नव्हतं. त्या रात्री जेवढं दुरुस्त झालं तेवढं महिनाभरात झालं नसतं. तुझ्या रूमवर एक बॉटनीची आहे आणि एक लॉची आहे म्हणालीस, अगं मग तुला अजून काय पाहिजे, असे वाचक विकत मिळत नाहीत.

आता ते दुसरं, जे तू मेसेजमध्ये पटकन बोलून पुढे गेलीस, की तुझ्याच डिपार्टमेंटवालीचा थीसिस आधी सबमिट होतोय. माझ्या बाबतीत केमिस्ट्रीवालीचा झाला आणि मी तिच्याशी अकरा दिवस बोलले नाही, कारण सांगितलं भांड्यांचं. आजही वाईट वाटतं. तिचं काम प्रयोगांचं, माझं कागद शोधण्याचं, दोन्हीची तारीख एक कशी असणार? यूजीसीच्या 2022 च्या नियमात पीएचडीला कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6 वर्षं दिलीयत, आणि बायकांना त्यावर 2 वर्षांपर्यंत सूट मिळू शकते. तुझं चौथं चालूय. तिला पेढे दे आणि तिने फॉरमॅटिंगला कुठे वेळ घालवला ते विचारून घे.

हां, आणि एकाच डिपार्टमेंटच्या आहात म्हणून एक गोष्ट नीट ऐक. तुम्ही दोघी वाचनाच्या नोट्स एका फाइलमध्ये ठेवता, चांगलंच आहे, पण त्या फाइलमधली वाक्यं उचलून दोघींनी आपापल्या थीसिसमध्ये टाकली तर तिचा आधी जमा होईल आणि तुझ्या साम्य तपासणीच्या रिपोर्टमध्ये तीच वाक्यं लाल होऊन येतील. यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचोरीविरोधी नियमाप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर 40 टक्क्यांपर्यंत गेलं की परत लिहून द्यावं लागतं. नोट्स दोघींच्या असू देत, वाक्यं मात्र तुझी तू लिही, फाइल बंद करून.

फेलोशिप आली नसेल तर भाड्याचं रूमवर उघड सांग, लपवू नकोस. आमच्यात एकीने तीन महिने लपवलं आणि अर्धा डबा खाल्ला, आम्हाला नंतर कळलं, फार लागलं ते.

आज उद्यात दुसरा चॅप्टर रूमवर वाचून दाखव. त्या जिथे थांबवतील तिथे पेन्सिलने खूण कर, आणि ती खुणांची प्रिंटच मला पाठव, स्वच्छ कॉपी नको.