बड्या घरातल्या वस्तू लिलावात निघाल्या म्हणजे घर बुडालं का?

तुम्ही विचारलंय की एखाद्या गडगंज घराण्याच्या वस्तूंचा लिलाव जाहीर झाला की लगेच ‘पैशाची तंगी असणार’, ‘पोरांनी आईच्या आठवणी विकायला काढल्या’ अशी चर्चा सुरू होते, त्यात तथ्य किती? अंदाजाच्या शंभरपट भाव येतो तेव्हा कुणी आतून बोली फुगवतं का? आणि आपल्यासारख्याने असं काही विकत घ्यावं का?

जुन्या वस्तूंची किंमत ठरवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे असे लिलाव मी बारकाईने पाहते. एकच उदाहरण नीट उलगडून सांगते. त्याची आकडेवारी उघड आहे आणि त्याच्याभोवती अफवाही भरपूर उठल्या होत्या. न्यूयॉर्कला सदबीज या लिलावगृहात २३ ते २६ एप्रिल १९९६ असे चार दिवस जॅकलीन केनेडी ओनॅसिस यांच्या घरातल्या वस्तू विकल्या गेल्या. आधी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची पत्नी, मग विधवा, १९६८ साली ग्रीक जहाजसम्राट ॲरिस्टॉटल ओनॅसिसशी लग्न, आणि मे १९९४ मध्ये निधन. मागे दोन मुलं, कॅरोलाइन आणि जॉन.

आधी ‘पोरांनी विकलं’ या आरोपाबद्दल, कारण तो मला सगळ्यात जास्त खटकतो. मुलांना हवं ते त्यांनी ठेवावं आणि उरलेलं विकावं, अशी सोय आईनेच मृत्युपत्रात करून ठेवली होती. मुलांनी आपल्यासाठी वस्तू ठेवल्या, शिवाय लग्नातल्या पोशाखासह बरंच काही बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाला दिलं. त्यानंतर जे उरलं ते हातोड्याखाली गेलं. लोकांना दिसला तो फक्त हा शेवटचा भाग. घर आवरताना आधी काय जपलं गेलं हे लिलावाच्या बातमीत येत नाही, आणि बाहेरचा माणूस तेवढ्यावरून मुलांची नियत ठरवून मोकळा होतो.

तंगीचं म्हणाल, तर त्या काळात वर्तमानपत्रं या बाईंची मालमत्ता दहा ते वीस कोटी डॉलर असल्याचं छापत होती. पुढे कोर्टात दाखल झालेल्या कागदांत आकडा निघाला सुमारे ४.४ कोटी. म्हणजे अंदाज दुपटीहून जास्त चुकला. मात्र गरिबी तीही नव्हे. अमेरिकेत वारसा करही मोठा आहे, तेव्हा वरच्या टप्प्याला ५५ टक्के होता. मोठं घर, जमीन, दागिने, चित्रं असं सगळं असलं तरी कर रोख भरावा लागतो. म्हणून तिकडे एखादी मोठी असामी गेली की वर्ष-दोन वर्षांत लिलावाची जाहिरात दिसते, आणि ती बहुतेक वेळा कर, वाटणी आणि रिकामं करायचं घर यांतून आलेली असते. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी, म्हणजे असाच मृत्यूनंतरचा कर, १९८५ सालीच रद्द झाली. त्यामुळे आपल्याला ‘लिलाव म्हणजे बँकेची जप्ती’ हेच समीकरण ठाऊक असतं, आणि तेच आपण तिकडच्या बातमीलाही लावतो.

आता भावाकडे येऊ. सदबीजने सगळ्या वस्तूंचा मिळून अंदाज धरला होता ४६ लाख डॉलर. हाती आले ३ कोटी ४५ लाख, म्हणजे साडेसात पट. पण ही सरासरी फसवी आहे, एकेक वस्तू पाहा.

मोत्यांचा एक तीनपदरी हार होता. मोती खोटे, काचेचे. १९६२ सालचा एक फोटो गाजलेला आहे. त्यात छोटा जॉन आईच्या गळ्यातला हार ओढतोय आणि ती हसतेय. तोच हा हार. अंदाज ५०० ते ७०० डॉलर, विकला गेला २,११,५०० डॉलरला, म्हणजे वरच्या अंदाजाच्याही तीनशेपट. अध्यक्ष केनेडींना विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी दिलेली सिगार ठेवायची पेटी दोन-अडीच हजारांची धरली होती, ती ५,७४,५०० ला गेली. कॅरोलाइनचं लहानपणचं पाय ठेवायचं स्टूल, अंदाज १०० ते १५०, गेलं ३३,३५० ला. कपडे मापायची चांदीच्या डबीतली टेप ४८,८७५ ला. आणि ओनॅसिसने दिलेली ४० कॅरटची हिऱ्याची अंगठी? तिचा अंदाज होता पाच-सहा लाख आणि किंमत आली २५,८७,५००. जेमतेम सव्वाचार पट.

हे आकडे शेजारी मांडले की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं. वस्तू स्वतः जितकी किमती, तितकी तिची ‘पट’ कमी. हिऱ्याला जगभर भाव आहे, त्यामुळे तो अंदाजापासून फार लांब जात नाही. काचेच्या मण्यांना भावच नाही, तिथे येणारा प्रत्येक डॉलर त्या फोटोचा असतो. आणि लिलावगृह अंदाज लावतं तो मण्यांचा, फोटोचा नाही. कारण फोटोला किती भाव येईल हे कोणत्याच तक्त्यात बसत नाही. अंदाज मुद्दाम खाली ठेवण्याचीही रीत आहे. पाचशे डॉलर वाचून शाळेतली शिक्षिकासुद्धा कॅटलॉग मागवते. या लिलावाच्या कॅटलॉगच्याच एक लाखाहून जास्त प्रती खपल्या होत्या.

दुसरी बाजू दाखवायला आपल्या जवळचं उदाहरण आहे. बडोद्याच्या गायकवाडांचे म्हणून ओळखले जाणारे दोन पदरांचे ६८ नैसर्गिक मोती २००७ साली न्यूयॉर्कलाच क्रिस्टीज या दुसऱ्या लिलावगृहात ७०.९६ लाख डॉलरला गेले. तिथे घराण्याचं नाव होतंच, पण त्या नावाखेरीजही त्या मोत्यांसाठी जवाहिरे रांगेत उभे राहिले असते. एवढ्या आकाराचे, एकसारखे, समुद्रातून निघालेले मोती आता जमवायचे म्हटले तरी जमत नाहीत.

आतून भाव फुगवण्याबद्दल. विकणाऱ्याची एक राखीव किंमत असते, म्हणजे जिच्या खाली वस्तू द्यायची नाही ती. ती गाठेपर्यंत लिलाव पुकारणाऱ्याला विकणाऱ्याच्या वतीने बोली चढवता येते. हे न्यूयॉर्कमध्ये कायदेशीर आहे आणि कॅटलॉगच्या अटींत लिहिलेलं असतं. मात्र राखीव किंमत खालच्या अंदाजाच्या वर ठेवता येत नाही. म्हणजे हाराच्या बाबतीत ही युक्ती फार तर ५०० डॉलरपर्यंत चालली असती. पुढचे दोन लाख खऱ्या माणसांनी एकमेकांवर चढून मोजले.

छापून येणारा आकडाही नीट वाचायला हवा. हाराची हातोडा पडतानाची बोली होती १,९०,०००. त्यावर खरेदीदाराकडून घ्यायची लिलावगृहाची दलाली, पहिल्या ५०,००० वर १५ टक्के म्हणजे ७,५००, उरलेल्या १,४०,००० वर १० टक्के म्हणजे १४,०००. बेरीज २,११,५००. बातमीत हीच बेरीज येते, अंदाज मात्र दलाली सोडून दिलेला असतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक या दोन आकड्यांची थेट तुलना करतात.

आणि गंमत म्हणून नाही, अगदी गांभीर्याने सांगते: त्या वर्षांत खरा गैरव्यवहार दलालीच्या दरांतच चालू होता. सदबीज आणि क्रिस्टीज या दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या १९९३ पासून आपापसात दलालीचे दर ठरवून घेत होत्या. २००० साली प्रकरण फुटलं. गिऱ्हाइकांना दोघींनी मिळून ५१.२ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन २००१ साली दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. ओनॅसिस लिलावाच्या पहिल्या संध्याकाळी व्यासपीठावर हातोडा घेऊन उभ्या होत्या त्या कंपनीच्या मुख्य अधिकारी डायना ब्रुक्स. त्यांनीही पुढे गुन्हा कबूल केला. लोक चार दिवस बोली लावणाऱ्यांकडे संशयाने बघत राहिले आणि गोलमाल होता तो कमिशनच्या तक्त्यात! म्हणून मी तर्काला लागण्याआधी अटींचं पान वाचते.

विकत घेणारे कोण होते हेही पाहण्यासारखं आहे. केनेडींचे गोल्फचे दांडे ७,७२,५०० ला गेले. ते घेतले आर्नोल्ड श्वार्झनेगरने, आणि त्याची तेव्हाची पत्नी मारिया श्रायव्हर ही केनेडींची सख्खी भाची. सिगारपेटी सिगारवरच्याच एका मासिकाच्या मालकाने घेतली. खोट्या मोत्यांचा हार घेतला फ्रँकलिन मिंट या कंपनीने. त्यांनी त्याच्या हुबेहूब नकला करून सुमारे २०० डॉलरला एक अशा लाखाहून जास्त विकल्या. वेडेपणा वाटणारी बोली हिशेबाची होती. सिगारपेटीवाल्यालाही तिची प्रसिद्धी धंद्यात उपयोगी होतीच.

तुम्ही-आम्ही घ्यावं का? ठेवायला, प्रेमापोटी घ्यायचं तर जरूर घ्या. चार वर्षांनी दुप्पट होईल म्हणून घेऊ नका. फेब्रुवारी २००५ मध्ये कॅरोलाइनने केनेडींच्या घरांमधल्या आणखी वस्तू त्याच सदबीजमध्ये विकल्या. अंदाज सुमारे दहा लाख, आले ५५ लाख डॉलर. आकडा चांगलाच, पण १९९६ चं वारं पुन्हा सुटलं नाही. त्या चार दिवसांत ज्यांनी शेवटची बोली लावली, त्यांच्या मागे दुसरा खरेदीदार उभा असेलच असं नसतं.

घेतलंत तर लॉट नंबर (त्या वस्तूचा लिलावातला क्रमांक) असलेला कॅटलॉग, पावती आणि वस्तूवर चिकटवलेली लिलावगृहाची चिठ्ठी जिवापाड सांभाळा. नुसतं स्टूल पुन्हा शंभर डॉलरचंच असतं. आणि भारतातली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू घेत असाल तर पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ आधी पाहा. अशी वस्तू घेऊन परदेशात जाता येत नाही, आणि ज्या प्रकारांना नोंदणी बंधनकारक आहे त्यांचा नोंदणी दाखला विकणाऱ्याकडे नसेल तर भाव कितीही मोहात पाडणारा असो, हात लावू नका.