जास्वंदीचा क्लोज-अप घेताना केसर शार्प येतात पण पाकळ्या धूसर होतात. पुण्यात घरच्या घरी काय करता येईल?

लेन्स बदलू नका, फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढा आणि त्यांचे शार्प भाग जोडून एकच फोटो बनवा. फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं उमटत असेल, तर एफ ८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पट्टा शार्प येतो. जास्वंदीचा दांडा तर कित्येक सेंटिमीटर पुढे आलेला असतो! एफ २२ वर गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. म्हणून एफ ५.६ ते ८ वरच थांबा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) मॅन्युअल. दांड्याच्या टोकावरच्या पाच लाल ठिपक्यांपासून सुरुवात करून फोकस थोडा थोडा मागे पाकळ्यांपर्यंत न्या. प्रत्येक फ्रेमचा शार्प भाग आधीच्या फ्रेमवर थोडा चढलाच पाहिजे, नाहीतर मध्ये धूसर पट्टे राहतात. वीस-तीस फ्रेम सहज लागतात.

जोडायला फोटोशॉपमधलं ऑटो-ब्लेंड चालतं, पण केसरांसाठी मी हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर ही स्टॅकिंगची सॉफ्टवेअरच सुचवेन. पिवळे परागकण लाल पाकळीवर येतात तिथे कडेला धुरकट वलय उमटतं. या दोन्हींत तेवढाच भाग मूळ फ्रेममधून रंगवून दुरुस्त करता येतो.

खरा शत्रू वारा. सप्टेंबरात सिंहगडावर सोनकीची पिवळी रानफुलं कितीही खुणावू दे, सराव घरातच करा: सकाळी नुकतं उमललेलं फूल, खिडकीचा उजेड, पंखा बंद. आणि भराभर उरका, कारण संध्याकाळपर्यंत जास्वंद मिटायला लागते.