ओट्यावरचे ओरखडे जातात का?

प्रश्न: आमचा ओटा सॉलिड सरफेसचा आहे, सुरीचे बारीक ओरखडे पडलेत, घासून काढले तर रंग जाईल का?

उत्तर: नाही जाणार, काळजी करू नका. हे मटेरियल म्हणजे अ‍ॅक्रिलिक रेझिन आणि अ‍ॅल्युमिनियमची खनिज पूड, वरून खालपर्यंत एकच रंग, त्यामुळे वरचा पातळ थर गेला तरी खाली तेच निघतं. पण आधी खात्री करा की ओटा लॅमिनेट किंवा क्वार्ट्झचा नाहीये, त्यावर हे अजिबात करायचं नाही!

ओटा स्वच्छ धुवा, ओला ठेवूनच ३२० नंबरचा वॉटर पेपर (ओल्यावर घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) हलक्या हाताने गोल फिरवा, मग ४०० आणि ६००, मध्ये मध्ये पुसत राहायचं. आणि फक्त ओरखड्यावरच घासत बसू नका, तिथे खळगा पडतो आणि उजेडात लगेच दिसतो, आजूबाजूचा वीतभर भाग पण घ्या म्हणजे चमक एकसारखी येते. शेवटी हिरव्या स्क्रबरने मॅट फिनिश येतं. गडद रंगावर खुणा जास्त दिसतात, तिथे घाई नको. नखाला चांगलाच लागणारा खोल चरा असेल तर मात्र कारागीरच बोलवा.